लाखोलीचा वास

शंकराला बेलाची एक लाख पानं वाहीन, असा नवस कुमुदिनीबाईंनी केला, तेव्हा त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या होत्या आणि आत त्यांच्या यजमानांच्या छातीवरची जळलेली कातडी चिमट्याने सोडवत होते. शशिकांतराव अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. टाकीचं झाकण उडालं आणि आतलं ॲसिड त्यांच्या छातीवर, दोन्ही हातांवर आलं. बाईंनी पदर पसरला. म्हणाल्या, "महादेवा, एवढं कुंकू राख. रोज हजार, अशी शंभर दिवस पानं वाहीन. त्यातलं एक पान कुणाच्या पायाखाली येऊ देणार नाही. सगळं वाहत्या पाण्यात सोडीन."

हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. मी होडी बोलतेय. सोनिवलीच्या खालच्या अंगाला उल्हास नदीवर माणसं ऐलपैल नेणारी साधी होडी. नदीच्या मध्यावर गेलं की माणसांना वाटतं, इथे आपलं ऐकायला कोणी नाही. मग ती पोटातलं ओठांवर आणतात. शिवाय मला पावलं वाचता येतात. रागावलेला माणूस आधी टाच टेकवतो, घाबरलेला बोटं टेकवतो. आणि नवस बोललेली बाई अशी पाऊल ठेवते, की जणू खाली कुणी आजारी माणूस झोपलंय.

माझा स्वतःचा जन्म काही हळुवार नाही. होडी जन्माला यायची तर आधी झाड मरावं लागतं. मी ऐनाचं झाड होते. दोन दिवस कुऱ्हाडीचे घाव बसले, मग करवत फिरली. साडेतीनशे खिळे ठोकून माझ्या फळ्या एकीला दुसरी जखडली आणि भेगांत काथ्या ठासून वरून उकळतं डांबर ओतलं. पाण्यात उतरवलं तेव्हा कुठे अंगाची आग थांबली. म्हणून मला पाणी आवडतं.

माझा मालक महिपती. अंगाने काटक, बोलायला कमी. त्याची बायको अंजनी त्याच्या दुप्पट बोले आणि वेळ पडली तर वल्हंही त्याच्याइतकंच मारी. मूलबाळ नव्हतं. मीच काय ती त्यांची लेक.

माझ्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. तिथे फळी ठोकून केलेली एक बंद पोकळी आहे, देवळीसारखी. नारळी पुनवेला महिपती तिच्यावर नारळ वाढवायचा, हळदकुंकू लावायचा. एरवी नाळेला कुणी पाय लावत नसे, आणि तो स्वतःही कधी ती फळी उघडत नसे. देवाची जागा ती. आता या गावांतल्या माणसांच्या जिभेवर 'ळ' काही बसत नाही. काळ्याला काला म्हणतात, केळ्याला केला. तशी अंजनी माझ्या नाळेला 'नाल' म्हणे. या एका अक्षराने पुढे एका माणसाचा हात मोडला आणि माझी कूस फुटली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर बाईंची लाखोली सुरू झाली ती अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात. पलीकडच्या काठावर महादेवाची एक घुमटी आहे आणि तिच्यामागे बेलाची सात-आठ झाडं. अंजनी पहाटे पानं खुडायची, मोजायची आणि बदलापूरला बाईंच्या दारात नेऊन द्यायची. तुटकं पान नको, भोकाचं नको, तीन दलांचंच हवं. बाई घरच्या पिंडीवर एकेक पान वाहत, पंचामृताचा अभिषेक करत, केळ्याचा नैवेद्य दाखवत. दुसऱ्या दिवशी ते सगळं, दुधामधाने चिंब झालेलं, जुन्या साडीच्या फडक्यात बांधून अंजनीच्या हाती देत.

"मधल्या धारेत सोड हं. काठाला नको. म्हशी येतात."

"व्हय बाय. पार मधी जाऊन सोडते."

आणि ती सोडतही असे. साठ-पासष्ट दिवस मी स्वतः बघितलं. गाठोडं सोडून पानं पाण्यावर पसरली, की अंजनी क्षणभर हात जोडायची. दर सोमवारी बाई स्वतः घुमटीला यायच्या, तेव्हा दोघी माझ्यात समोरासमोर बसून बोलायच्या. साहेबांच्या जखमा भरत होत्या. बोटं हलत होती. "तुझ्या हाताला यश आहे गं," बाई म्हणायच्या, आणि अंजनी लाजून वल्ह्याकडे बघायची.

मग एके दिवशी खालच्या अंगाच्या जांभूळ गावाकडून पाण्याच्या केंद्राचा पहारेकरी सायकल ढकलत काठाने आला. त्याने पाण्यावर तरंगती पानं पाहिली, सायकल टाकली आणि महिपतीची गचांडी धरली. "हे पाणी लोक पितात, भडव्या. जाळीत पाला अडकतोय रोज. परत दिसलं तर होडी ओढून नेईन आणि तुला आत टाकीन." महिपतीने मान सोडवून घेतली. तो कधी बायकोवर ओरडला नव्हता, पण त्या दिवशी ओरडला, "ते गाठोडं बंद. सांग तुज्या बायला."

अंजनीने सांगितलं नाही. कसं सांगणार? बाईंचा नवस मोडायचा. साहेबांच्या जिवावर काही आलं, तर पाप कुणाच्या माथी? दुसऱ्या दिवशी ती एकटीच माझ्यात बसली, गाठोडं मांडीवर घेऊन, आणि माझ्याशीच बोलली. "पान्यात सोडावं, तर खाली लोकं पितात. उकिरड्यावर टाकावं, तर देवाचं हाय. आता पाऊस येईल, पूर येईल, तवा एकदम सोडीन. पूर कुनाला इचारत नाय." मग तिने माझ्या नाळेची फळी उचकटली, गाठोडं आत ठेवलं, फळी परत बसवली आणि पाया पडली. रोजचं गाठोडं मग तिथेच. देवाचं देवापाशी.

तिचं चुकलं का? मला आजही तसं वाटत नाही. पण वैशाख तोंडावर आला होता.

पंधरा दिवसांत माझ्या अंगाला वास मारू लागला. आधी नुसता आंबूस. मग गोडसर. मग असा, की माणसं बसता बसता नाकाला रुमाल लावत.

महिपतीने शोध सुरू केला. तळफळ्या उचलल्या, खालचं साठलेलं पाणी डब्याने उपसलं, त्यात एक मेलेला खेकडा सापडला. त्याला वाटलं, हाच. दोन दिवसांनी वास दुप्पट. मग दोर संशयात आला, तो त्याने उन्हात वाळवला. मग मासळीवाली इंदुबाई. "तुज्या पाट्या माज्या होडीत नकोत," असं तो म्हणाला मात्र, तिने ओली पाटीच त्याच्या थोबाडावर हाणली. "माजी मासली जिती हाय मेल्या, तूच सडलायस." खवले त्याच्या मिशीत अडकले. मागे बसलेली माणसं हसली. त्या हसण्यातून दोन गवळ्यांची जुंपली. एकाने दुसऱ्याच्या डोक्यात दुधाची किटली घातली, तो पाण्यात कोसळला, मी इतकी कलंडले की काठावरून पाणी आत आलं. त्याला वर ओढलं तेव्हा कपाळ फुटलेलं होतं. माझ्या तळाशी दूध आणि रक्त एकत्र हिंदकळत होतं आणि सगळे एकमेकांना विचारत होते, वास कुठून येतोय.

बघा, वास डोळ्यांना दिसत नाही ना, म्हणून माणसं तो ज्याच्यावर राग असेल त्याच्यावर ढकलतात. नाळ उघडून बघावी, असं कुणालाच सुचलं नाही. महिपतीला सुचलं असेल, पण देवाच्या जागेवर संशय घ्यायचा कसा? आणि अंजनीला तर शंकाही आली नाही. बेलाला, दुधामधाला घाण येईल, हे तिच्या मनाला शिवणारच नव्हतं.

एका सोमवारी बाई आल्या. महिपती नवं डांबर आणायला उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पच्या बाजारात गेला होता. जुनं खरवडून नवं फासलं की वास जाईल, असा त्याचा हिशोब. वल्हं अंजनीच्या हातात होतं. बाईंनी पाऊल ठेवलं ते टाचेवर. साहेबांची भरत आलेली जखम परत चिघळली होती, हाताला पू धरला होता, रात्रभर ताप. त्यांनी नाकाला पदर लावला आणि विचारलं,

"अंजनी, कालचं सोडलंस ना मधल्या धारेत?"

अंजनीला खोटं बोलता येत नसे. "नाय बाय. धारेत नाय सोडत आता. नालंत ठेवते."

"काय?"

"नालंत. पंधरा-ईस दिस झालं. सगला तितंच हाय."

बाईंच्या कानात 'नाल्यात' असं पडलं. आणि नाला म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे एकच नाला आला: यजमानांच्या कारखान्यामागचा, तांबड्या-हिरव्या पाण्याचा, वाफाळणारा. ज्या ॲसिडने नवऱ्याचं अंग सोललं, त्याच ॲसिडात देवाची वीस हजार पानं. त्यांचा हात कधी उठला ते त्यांनाही कळलं नाही. थप्पड अशी बसली, की अंजनीच्या हातातलं वल्हं सुटलं आणि कानातली कुडी उडून पाण्यात गेली. मी जागच्या जागी गरकन फिरले.

"माझ्या कुंकवाचा नवस तू नाल्यात घातलास? नाल्यात?"

अंजनीने गालावर हात ठेवला. तिला वाटलं, मध्यावर सोडलं नाही म्हणून बाईंनी मारलं. मार बरोबरच आहे. ती एवढंच म्हणाली, "चुकलं बाय." चुकलं म्हटल्यावर बाईंना आणखी काय पुरावा हवा?

घरी जाऊन बाई शेजारच्या वृंदाताईंपाशी रडल्या. "कुणावर विश्वास ठेवायचा गं? त्या होडीत काय काय चालतं, देव जाणे. वास बघशील तर नाक धरशील. काहीतरी लपवतात ती दोघं." वृंदाताईंच्या दारात गवळी उभा होता, तोच डोकं फुटलेला. त्याने दूध मापलं आणि शब्दही मापून गावात नेले.

त्याच आठवड्यात भिमाबाईचा रघू मेला. भिमाबाई सोनिवलीची, विधवा, एकुलता एक मुलगा. हातभट्टीची विषारी दारू प्यायला होता. त्याला मीच ऐलतीरी आणलं. माझ्या काठावर डोकं आपटत होता आणि म्हणत होता, "आये, दिवे का घालवलंस? काय दिसत नाय." भर दुपार होती. त्याच्या तोंडातून हिरवा फेस येत होता. दोन हातांनी तो स्वतःचेच डोळे ओरबाडत होता, आणि भिमाबाई त्याच्या मनगटांशी झटत होती. काठाला लागेपर्यंत तो थंड झाला.

दारू कुठून आली? गावातल्या आण्णांनी दारूबंदीची मंडळी गोळा केली. आण्णा खरे तर भला माणूस, रागीट पण भला. ते माझ्यापाशी आले, वाकले, नाक फेंदारून हुंगलं. सडलेली केळी, आंबलेलं दूध, मध. हातभट्टीच्या पिंपात सडवलेल्या गुळाचा वास आणि हा, दोघे सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे. गवळी म्हणाला, "बदलापूरच्या साहेबाची बायको सोता सांगते, होडीत कायतरी लपवतात."

एवढं पुरलं.

सकाळी नऊचा सुमार असेल. तीस-चाळीस माणसं घाटावर उतरली. महिपती मला डांबर लावत उकिडवा बसला होता. पहिली लाथ पाठीत बसली आणि तो तोंडावर गरम डांबरात पडला. "कुठंय माल?" त्याने विचारलं, कसला माल, आणि त्याच्याच वल्ह्याचा फटका त्याच्या बरगडीवर बसला. वल्हंही माझाच अवयव. आपल्याच हाताने आपल्या धन्याला मारावं, तसं मला झालं. फटक्यावर फटके. बेलाची लाखोली मी पाहिली होती, त्या दिवशी शिव्यांची ऐकली. कुणीतरी त्याचा उजवा हात धरून माझ्या काठावर टेकवला आणि वरून दगड घातला. दोनदा. हाडाचा आवाज लाकडासारखाच येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"बोल, कुठं लपवलीय?"

"नाय ओ. नाय काय."

मग माझ्यावर कुऱ्हाड आली. उजव्या कुशीत तीन घाव. फळी फुटली, खिळे उडाले, पाणी आत घुसलं. भिमाबाई रॉकेलचा डबा घेऊन पाण्यात कंबरभर उतरली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "ह्याच्यात बांधा त्याला. माजा रघू अंधारात गेला. ह्याला उजेडात जाऊ दे." कुणी हसलं नाही, कुणी अडवलंही नाही. महिपतीला बगलेत धरून माझ्यात फेकलं आणि त्याच्याच दोराने बांधू लागले. रॉकेल माझ्या फळ्यांवरून वाहत त्याच्या कपड्यांपर्यंत आलं.

अंजनी दोन बायकांच्या हातांत अडकली होती. एकजण कुऱ्हाड घेऊन माझ्या टोकाकडे वळला, तशी ती फाटक्या आवाजात ओरडली, "नाल नका तोडू. पाया पडते. नालंत देव हाय."

त्याच वेळी घाटाच्या वरच्या अंगाला रिक्षा थांबली होती. कुमुदिनीबाई त्या दिवशीही पानं स्वतःच खुडायला आल्या होत्या; थपडेपासून अंजनीच्या हातची पानं बंद होती. नऊ हजार उरली होती. गर्दी पाहून त्या जागीच उभ्या राहिल्या, आणि अंजनीचा आवाज त्यांच्या कानांवर पडला. नाल्यात देव? नाल्यात देव कसा? आणि नाला तोडतात कसा?

शेजारी इंदुबाई उभी होती. बाईंनी तिचा दंड धरला. "नाल म्हणजे काय गं?"

"नाल नाय का? होडीचं नाक. ते बगा, तो कुऱ्हाडवाला उबा हाय तितं."

आठवड्यापूर्वी विचारायचा प्रश्न बाईंनी त्या दिवशी विचारला. त्या उतारावरून धावत सुटल्या. चप्पल राहिली, पदर सुटला. गर्दीत घुसताना कुणाचं तरी कोपर भुवईवर बसलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी थांबल्या नाहीत. पाण्यात उतरल्या आणि माझ्यात चढल्या. त्या पावलात टाच नव्हती, बोटं नव्हती. ते पाऊल मला वाचताच आलं नाही.

"बाई, बाजूला व्हा. आग लावायचीय," आण्णा म्हणाले.

"लावा. मला धरून लावा."

त्या माझ्या नाळेवर गुडघ्यांवर बसल्या आणि नखांनी फळी उचकटू लागल्या. एक नख उलटलं. फळी निघाली तसा आतून वासाचा असा लोट आला, की कुऱ्हाडवाला मागे सरला. बाईंनी कोपरापर्यंत हात घातला आणि पहिलं गाठोडं वर काढलं. काळं पडलेलं, गळणारं, किडे लागलेलं. पण फडकं ओळखू येत होतं, मोतिया रंगाचं, जांभळ्या बुट्टीचं. मग दुसरं. मग तिसरं. पाचवं काढताना त्यांना ओकारी आली, ती गिळली आणि सहावं काढलं.

"ही माझी साडी आहे," त्या म्हणाल्या. "ही पण माझीच. सगळी माझी आहेत. यात दारू नाही. बेल आहे, दूध आहे, केळी आहेत. हा माझ्या पूजेचा वास आहे."

आण्णांनी एक गाठोडं काठीने उलगडलं. आतून बेलाचं पान निघालं, गळालेलं, पण तीन दलांचं. त्यांचा राग जागच्या जागी अडखळला, पण जिभेचा गेला नव्हता. "देवाला असा वास येतो होय बाई?"

"येतो आण्णा. कोंडून ठेवला की येतो."

मग त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, अंजनी काय म्हणाली आणि आपण काय ऐकलं, तिला कसं मारलं आणि होडीबद्दल काय बोललो. एक शब्द गाळला नाही. कुणीतरी महिपतीचा दोर सोडला. भिमाबाईच्या हातातून डबा पाण्यात पडला आणि तरंगत निघून गेला. ती मात्र तिथेच कंबरभर पाण्यात उभी राहिली. तिला जाळायलाही कुणी उरलं नव्हतं. बाई उतरल्या, तिच्याजवळ गेल्या, आणि मग कुठे ती म्हातारी मोकळी रडली.

महिपतीचा हात दवाखान्यात दोनदा बसवला. तो सरळ कधी झाला नाही. वल्हं धरायला तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी बाई अंजनीच्या दारात गेल्या. काय बोलणं झालं ते अंजनीनेच मला नंतर सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझ्या कानाने तुझ्या नवऱ्याचा हात मोडला. मला दोन थपडा मार." अंजनी म्हणाली, "तुमी मारलंत ते मी इसरेन बाय. पन सकाली ह्याला सदऱ्याचं बटन लावता येत नाय, तवा मना रोज आठवल. ते माज्या हातात नाय." माफी मागायची असते, ती मिळालीच पाहिजे असं थोडंच आहे? मग अंजनीच म्हणाली, "बसा. च्या ठेवते."

लाखोलीची नऊ हजार पानं राहिली होती, म्हणजे नऊ दिवसांची. ते नऊ दिवस बाई रोज घाटावर आल्या, पण बेल खुडायला नव्हे. आण्णांनी सुतार पाठवून माझी कूस नव्या फळीने शिवून घेतली होती. वास मात्र जात नव्हता. लाकडाच्या नसानसांत मुरला होता, त्यात रॉकेलची भर.

गाठोडी आधी पलीकडे नेली आणि बेलाच्या झाडांखाली खोल खड्डा खणून पुरली. कुणाच्या पायाखाली नाही, कुणाच्या पिण्यात नाही. मग दोघींनी मिळून मला वाळूने आणि नारळाच्या शेंडीने घासलं, रिठ्याच्या कढत पाण्याने धुतलं. नाळ आतून बोट बोट करून खरवडली. चुना फासला, राख चोळली. तीन दिवस मला उन्हात पालथी घातली. रोज संध्याकाळी बाई ओणव्या होऊन माझ्या फळ्यांना नाक लावत आणि एकेका सांध्यापाशी थांबत. "इथे आहे अजून," म्हणत. किती दिवस माणसं माझ्यावर नाक मुरडून बसली होती. असं जवळ येऊन, खोल श्वास घेऊन कुणी विचारलं नव्हतं, तुझं नेमकं कुठे दुखतंय.

आठव्या दिवशीही नाळेतून मंद वास येतच होता. बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं, लोणच्याच्या बरणीला आपण काय करतो?" लोखंडी पळीत निखारा ठेवला, त्यावर हिंगाचा खडा टाकला, पळी नाळेत सरकवली आणि वरून ओलं फडकं दाबून धरलं. हिंगाचा धूर माझ्या भेगाभेगांत शिरला. महिपती काठावर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द फुटला. "आता हिच्यात कैऱ्या घालताव का काय, बाय?" अंजनी हसली, आणि हसता हसता तिने पदर तोंडात कोंबला.

नवव्या दिवशी बाईंनी नाळेत डोकं घालून हुंगलं. लाकडाचा वास, उन्हाचा वास, पुसटसा हिंग. बस. त्या माझ्यात बसून पलीकडे घुमटीपाशी गेल्या आणि रिकामे हात जोडले. "महादेवा, तुझी नऊ हजार पानं माझ्याकडे राहिली. ती मी वाहत नाही. त्याऐवजी जन्मभराचा एक नवस घे. कुणाचं बोलणं कानाला टोचलं, तर हात उचलण्याआधी आणि चारजणांत बोलण्याआधी त्याच माणसाला एकदा विचारीन, काय म्हणालास, परत सांग."

साहेबांच्या जखमा पुढे भरल्या. नवसाने की औषधाने, मी होडी काय सांगणार? एकदा ते आले होते घाटावर. आपले चट्ट्यांचे हात त्यांनी महिपतीच्या वाकड्या हाताशेजारी धरले, आणि दोघे बराच वेळ विडी ओढत बसले होते.

आज सत्त्याण्णव साल उजाडलंय. मी म्हातारी झाले. उजव्या कुशीतली फळी वेगळ्या रंगाची आहे, पावसाळ्यात तिथून थोडं पाणी झिरपतं. वल्हं अंजनी मारते, महिपती काठावरून माणसांना हाका देतो. रघूला दारू कुणी पाजली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. भिमाबाई अजूनही कधी कधी मध्यावर आली की माझा काठ हाताने चाचपते. मी हलत नाही तेव्हा.

आता पैलतीर जवळ आलाय, तुम्ही उतरायच्या घाईत असाल. माझं एवढंच ऐकून उतरा. लाख पानं वाहणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही. पण बाईंचा तो दुसरा नवस बिनखर्चाचा आहे, त्याला सोवळं लागत नाही, वार-तिथी लागत नाही. घरात, शेजारी, कामावर, कुणाचा एखादा शब्द तुमच्या मनात नासत पडला असेल, तर त्याच्याकडे जा आणि विचारा, तू तेव्हा काय म्हणाला होतास? परत सांग, मी ऐकते. एवढा नवस तुम्हीही बोला.